नायगावच्या भिंतीवरची पाल आणि तिची कात

पाल नियमितपणे कात टाकते, पण टाकलेली कात क्वचितच कुणाच्या दृष्टीस पडते. सापाची कात कुंपणात, दगडी गडग्यात, जुन्या घराच्या माळ्यावर अख्खी सापडते आणि तिची चर्चा वाडीत दोन दिवस चालते. पालीची कात सापडत नाही, कारण पाल ती खाऊन टाकते. जुनी कातडी सैल झाली की पाल आपले तोंड खरखरीत पृष्ठभागावर घासते, ओठांपाशी फाटलेली कड जबड्यात धरते आणि अंगरखा उतरवावा तशी ती ओढत, गिळत जाते. पायांची बोटे एकेक करून तोंडात घेते आणि त्यांवरचे पातळ मोजे काढते. हे काम बहुधा आडोशाला, काही तासांत उरकते. सकाळी भिंतीवर दिसते ती थोडी अधिक तजेलदार पाल. रात्री काय घडले याची खूण उरत नाही.

हे घडण्यापूर्वी कातडीच्या आत बरीच तयारी झालेली असते. पालीच्या बाह्यत्वचेत जुन्या थराखाली संपूर्ण नवा थर तयार होतो. तो पुरता पक्व झाला की दोहोंमध्ये द्रव उतरतो आणि जुना थर सुटा होतो. या काळात पाल पांढुरकी, राख फासल्यासारखी दिसते. सापांच्या आणि पालींच्या त्वचेतील या चक्राचा बारकाईने अभ्यास पॉल मॅडरसन या शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात केला आणि त्यामुळे कात टाकण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने समजली. चढणाऱ्या पालीच्या बाबतीत कातीबरोबर आणखी एक गोष्ट बदलते. तिच्या पायाच्या तळव्यावरील लक्षावधी सूक्ष्म केस, ज्यांच्या आधाराने ती छताला उलटी चिकटते, ते बाह्यत्वचेचेच भाग आहेत. प्रत्येक कातीबरोबर जुने केस जातात आणि नवे कामाला लागतात. बोटांवर जुनी कात चिकटून राहिली तर नवे केस झाकलेलेच राहतात आणि पाल काचेवरून घसरू लागते.

दोन थरांमधला ओलावा या साऱ्या क्रियेचा कणा आहे. तो वेळेआधी सुकला की कात तुकड्यातुकड्याने फाटते आणि बोटांवर, शेपटीच्या टोकाला, डोळ्यांभोवती चिकटून बसते. पशुवैद्यकात याला डिसेक्डिसिस म्हणतात. पाळणारे साधेपणाने ‘कात अडकली’ म्हणतात. मोकळ्या पालीत ही अडचण क्वचित दिसते आणि काचेच्या पेटीतल्या पालीत वारंवार. म्हणून कात अडकणे हा बहुतेक वेळा पालीपेक्षा तिच्या घराचा दोष असतो. मुंबईत हे पाहायचे तर नायगाव ही योग्य जागा आहे. येथे शंभर वर्षांत माणसांची घरे बदलली, त्यांबरोबर पालीचे घर बदलले, आणि प्राण्यांवर उपचार करण्याची मुंबईतील जुनी परंपरा शेजारच्या परळमध्येच उभी राहिली.

मराठी माणसाच्या बोलण्यात पाल फार पूर्वीपासून आहे. संस्कृतात तिला गृहगोधिका, म्हणजे घरातली घोरपड, असे नाव आहे; कुड्यमत्स्य, म्हणजे भिंतीवरचा मासा, असेही एक नाव कोशांत आढळते आणि पाहणाऱ्याची नजर किती नेमकी होती हे त्यावरून कळते. मनात संशय आला की मराठीत शंकेची पाल चुकचुकते. कुणी काही बोलत असताना पाल चुकचुकली तर बोललेले खरे ठरते, असे घरोघरी मानले गेले. पाल अंगावर पडली तर कोणत्या अवयवावर पडली त्यानुसार फळ सांगणारे पल्लीपतनाचे कोष्टक पंचांगांत छापले जाई. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1841 साली पंचांग छापायला सुरुवात केली आणि छापील पंचांगाबरोबर असे शकुन घराघरांत पोहोचण्याचा मार्ग अधिक सोपा झाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिसलेली पाल शुभ, एरवी झाडूने हाकलण्याजोगी. तिला दूर ठेवायला खिडकीत मोरपीस किंवा अंड्याची टरफले टांगायची. दुधात पडली तर दूध विषारी झाले असे समजायचे. यातला विषाचा समज चुकीचा आहे. कोणत्याही पालीला विषग्रंथी नसतात. दूध टाकून द्यावे हे खरे, पण त्याचे कारण पालीच्या विष्ठेतून व अंगावरून येणारे जिवाणू हे आहे.

या सगळ्या लोकज्ञानात पालीचा आवाज आहे, तिचे पडणे आहे, तुटून वळवळणारी शेपटी आहे. कात मात्र नाही. ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार मराठीने सापावरून घेतला आणि आज तो जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाच्या बातम्यांतही सर्रास वापरला जातो. रोज डोळ्यांसमोर असणारी पाल वर्षातून अनेकदा तेच करते, पण ते पाहिले न गेल्यामुळे भाषेत उतरले नाही.

मुंबईच्या घरांत प्रामुख्याने दोन प्रकारच्या पाली दिसतात. एक मोठी, दिवसा काळपट आणि रात्री फिकट होणारी, पोटाकडून पिवळसर. तिचे शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिव्हिरिडिस. रूप्पेल या जर्मन निसर्ग अभ्यासकाने 1835 साली तिचे पहिले वर्णन केले ते तांबड्या समुद्रातील मसावा बेटावरच्या नमुन्यावरून. दुसरी लहान, चणीने सडपातळ आणि मोठ्याने चकचक करणारी हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस. तिचे वर्णन 1836 सालचे आहे. मराठीतला चुकचुकणारा आवाज बहुधा या दुसरीचा. दोघींनाही पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक भिंग असते, ते जिभेने चाटून साफ ठेवले जाते आणि कात पडताना त्या भिंगावरचा पातळ पापुद्राही निघून जातो.

या प्राण्यांकडे शकुनाऐवजी कुतूहलाने पाहण्याची संघटित सुरुवात मुंबईत 1883 साली झाली. त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरला आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. संस्थापकांपैकी ई. एच. एटकेन यांनी ‘एहा’ या नावाने लिहिलेले ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तकही 1883चेच. घरात आणि अंगणात न बोलावता राहणाऱ्या जिवांवर त्यांनी ते लिहिले आणि त्यात पालींनाही जागा दिली. पुढे माल्कम स्मिथ यांचा भारतातील सरड्या-पालींवरचा खंड 1935 साली आला आणि जे. सी. डॅनियल यांचे भारतीय सरीसृपांवरचे पुस्तक सोसायटीने 1983 साली, आपल्या शताब्दीच्या वर्षात, प्रसिद्ध केले. सह्याद्रीतील पालींचा शोध अजून संपलेला नाही. सोसायटीत काम करणाऱ्या वरद गिरी यांनी 2008 साली महाराष्ट्रातून नव्या पालींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकीला साताऱ्यावरून हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस हे नाव मिळाले.

प्राण्यांना बरे करण्याची परंपरा मात्र वेगळ्या वाटेने आली, आणि ती वाट नायगावच्या अगदी जवळून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बैलांवर आणि घोड्यांवर चालत होती. 9 मे 1874 रोजी सुरू झालेली ट्रामही घोडेच ओढत. ट्राम कंपनीकडे सुरुवातीला 900 घोडे होते. कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून वाहिल्या जात. त्याच 1874 साली प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत स्थापन झाली आणि तिच्या पुढाकाराने 1884 मध्ये परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या दानामुळे त्याला त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव मिळाले. लोकांनी दिलेले नाव अधिक सरळ होते: बैलघोडा हॉस्पिटल. आजही परळ-लालबाग-नायगावच्या रहिवाशांना तेच नाव आधी आठवते. 1886 साली त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. पुढे हे महाविद्यालय कोकण कृषी विद्यापीठाशी जोडले गेले आणि 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आले.

बैलघोडा या नावातच त्या काळच्या पशुवैद्यकाची मर्यादा दिसते. उपचार होई तो कामाच्या किंवा दुधाच्या जनावराचा. विजेची ट्राम 1907 साली आली, घोडे कमी होत गेले आणि रुग्णालयाच्या दारात हळूहळू कुत्री-मांजरे दिसू लागली. सरपटणाऱ्या प्राण्याला पशुवैद्याकडे न्यावे ही कल्पना मात्र जगभरच उशिरा रुजली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने 1849 सालीच सरीसृपांसाठी स्वतंत्र घर बांधले होते. तरी त्यांच्या आजारांवर पशुवैद्यांना हाताशी धरता येतील असे मोठे ग्रंथ अमेरिकेत फ्रेडरिक फ्राय यांनी 1981 साली आणि डग्लस मेडर यांनी 1996 साली सिद्ध केले. म्हणजे परळचे महाविद्यालय शंभर वर्षांचे झाल्यानंतरही पालीच्या बोटावर अडकलेल्या कातीचे वैद्यक बाल्यावस्थेतच होते.

परळमध्ये सरपटणारे प्राणी जवळून पाहणारी आणखी एक जागा होती. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये 10 ऑगस्ट 1899 रोजी प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि 1925 साली तिला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव दिले गेले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर उतारा देणारे प्रतिविष येथे तयार होऊ लागले तेव्हा सापांचे विष काढण्यासाठी सापही बाळगावे लागले. डॉ. पु. ज. देवरस यांनी हाफकिनमधील सापांवर दीर्घकाळ काम केले आणि भारतीय सापांवरचे त्यांचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1965 साली काढले. बंदिस्त सापाची निगा राखताना कातीचे महत्त्व टाळता येत नाही. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ होतात, तो खाणे सोडतो, चिडचिडा होतो. कात अख्खी निघाली तर साप निरोगी. चिंध्या झाल्या तर जागा कोरडी आहे किंवा साप आजारी आहे. हाच निकष पालीलाही लागू पडतो, फक्त पालीच्या बाबतीत पुरावा तिच्याच पोटात जातो.

आता नायगावच्या भिंतीकडे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट स्थापन झाले आणि त्याने कामगारांसाठी बांधलेल्या चाळी त्याच्याच आद्याक्षरांनी बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या गेल्या. एकूण 207 चाळींपैकी वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, 80 खोल्यांची. खोली 160 चौरस फुटांची. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे. माणसासाठी ही खोली अपुरी होती आणि सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्याही राहिल्या. नंतर तिथे गिरणी कामगार, पोलीस, पालिकेचे कर्मचारी यांची कुटुंबे दाटीवाटीने नांदली.

पालीच्या दृष्टीने या खोलीत सगळे काही होते. खरखरीत काँक्रीटवर दरवर्षी दिलेला चुना; तोंड घासून कात फोडायला याहून चांगली जागा नाही. फोटोंच्या चौकटींमागे, देव्हाऱ्याच्या मागे, माळ्याच्या फळीखाली दिवसभर दडायला सांदी. व्हरांड्यातल्या दिव्याखाली पहिल्या पावसात पंख फुटलेल्या वाळवीची मेजवानी. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली मोरी. पाण्याचे पिंप, हंडे, ओल धरलेली भिंत, तिथली थंड सावली. कात टाकायला आलेल्या पालीला हवे असते ते हेच: कोरड्या खोलीत एक ओला कोपरा. नायगावच्या चाळीत तो न मागता मिळत होता. चाळीतल्या पालीची कात अडकल्याचे कुणी पाहिले नाही, याचे मोठे श्रेय मोरीला द्यावे लागते.

ओलाव्याचे हे गणित नायगावकरांना दुसऱ्या संदर्भात पक्के ठाऊक होते. स्प्रिंग मिल याच भागात होती आणि घरातले कुणी ना कुणी गिरणीत जात असे. कापूस कोरड्या हवेत ठिसूळ होतो, धागा तुटतो. म्हणून कापडगिरणीसाठी मुंबईची दमट हवा सोयीची मानली गेली आणि ती पुरेना तेव्हा खात्यांत कृत्रिमरीत्या ओलावा सोडला गेला. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, हा दमटपणा सर्वांत जास्त असे आणि त्या गरम ओल्या हवेत दिवसभर उभे राहणे कामगारांना फार जड जाई. धाग्याला सुखाची ती हवा माणसाला त्रासाची होती. पण कोरडेपणाने धागा तुटतो हे साचेवाल्याला सांगावे लागत नसे, आणि पालीच्या कातीचे तुटणे त्याहून फारसे वेगळे नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांचे ते जगच मोडले. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन 2017 साली झाले. 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी रहिवाशांना 500 चौरस फुटांचे घर देण्याची ही योजना आहे. माणसांना ते घर मिळायलाच हवे होते. गुळगुळीत रंगाच्या भिंती, बंद खिडक्या, टाइल्स लावलेले कोरडे न्हाणीघर आणि वातानुकूलन यांनी घरातला दमटपणा बदलला, ही त्याबरोबर आलेली गोष्ट.

पाळीव पाल आली ती या नव्या घरात. नायगाव-परळच्या या गिरणगावात प्राणी पाळण्याची हौस जुनी आहे. चाळीच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ, व्हरांड्यात पिंजऱ्यातला पोपट, कपाटावर गोल्डफिशचे काचेचे भांडे ही ओळखीची दृश्ये. या हौसेचा बाजार क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला, भरत असे. लेपर्ड गेको या हौसेत अगदी अलीकडचा. ही पाल अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातली. 1854 साली प्राणिशास्त्रज्ञ ब्लाइथ यांनी तिचे वर्णन केले. अमेरिकेत आणि युरोपात तिची बंदिस्त पैदास गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आणि पिवळ्या, नारिंगी, पांढऱ्या रंगांचे वाण तयार झाले. तिच्या पायांना चिकटणारे तळवे नाहीत, डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या आहेत, ती शांत आहे आणि छोट्या पेटीत राहते. म्हणून ती लोकप्रिय झाली. न्यू कॅलेडोनियाची क्रेस्टेड गेको ही दुसरी. ती नामशेष झाली असे समजले जात होते. 1994 साली ती पुन्हा सापडली आणि तिची पैदास जगभर पसरली.

महाराष्ट्राच्या रानातही लेपर्ड गेकोची एक बहीण राहते. युब्लेफारिस फस्कस हे तिचे नाव. गावाकडे तिला विषारी समजून मारले जाते, आणि हौशी लोक पकडू पाहतात तेही तितकेच वाईट. रानातली पाल पकडून पाळू नये. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक देशी सरीसृपांना संरक्षण दिले आहे. 2022च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, वन्य जिवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राण्यांसाठीही स्वतंत्र अनुसूची आली. असे प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करावी यासाठीचे नियम 2024 साली निघाले. पाळीव म्हणून घेतलेली पाल कोणत्या जातीची, कुठून आली आणि तिची नोंद लागते का, हे घेण्याआधीच तपासले पाहिजे.

लेपर्ड गेको कोरड्या प्रदेशातली आहे म्हणून तिला कोरडी पेटी द्यावी, या समजातून तिच्या कातीची निम्मी दुखणी निर्माण झाली. ती राहते तो प्रदेश कोरडा असतो, पण ती दिवसभर असते ती दगडाखालच्या बिळात, आणि बिळात ओल टिकून असते. पेटीत तिला तेच द्यावे लागते. पेटीतली एकूण आर्द्रता 30 ते 40 टक्के असली तरी चालते. मात्र एका कोपऱ्यात झाकणाचा डबा, त्याला पाल आत जाईल एवढे भोक आणि आत ओलसर शेवाळ किंवा ओला टिश्यू पेपर हवा. हा डबा म्हणजे पेटीतली मोरीच. क्रेस्टेड गेकोला याउलट साऱ्या पेटीतच 60 ते 80 टक्के ओलावा लागतो, पाण्याचे तुषार मारावे लागतात. मुंबईचा पावसाळा हे काम आपोआप करतो. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी आणि वातानुकूलित खोलीत मात्र हवेवर विसंबून चालत नाही. छोटे आर्द्रतामापक पेटीत लावून आकडा वाचावा. तोंड घासायला खडबडीत दगड किंवा लाकडाची साल ठेवावी. उबेची बाजूही तितकीच महत्त्वाची, कारण थंड पालीचे चयापचय मंदावते आणि कातीचे चक्र बिघडते.

आहाराचा संबंध कमी लेखला जातो. अ जीवनसत्त्व कमी पडले की डोळ्यांभोवतीची त्वचा आधी बिघडते आणि पापणीखाली कातीचे थर साचतात. रातकिडे किंवा झुरळे नुसती देऊन भागत नाही; त्यांना चांगले खाऊ घालून, कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पूड लावून द्यावी लागतात. अंगावरचे गोचिडासारखे बारीक परजीवी, जुनी जखम, पोटातले जंत हीसुद्धा कात अडकण्याची कारणे असतात. वाढत्या वयाची पिल्ले एक-दोन आठवड्यांनी कात टाकतात आणि प्रौढ पाल साधारण चार ते आठ आठवड्यांनी. त्यामुळे पिल्लांत चूक लवकर दिसते आणि लवकर वाढतेही.

कात अडकलीच तर घाई करू नये. आधी ओल्या डब्यात पालीला एक दिवस राहू द्यावे. पुष्कळदा ती स्वतःच उरलेले काम करते. तेवढ्याने भागले नाही तर उथळ भांड्यात कोमट पाणी घ्यावे, उष्णता 28 ते 30 अंश सेल्सियस, खोली पालीच्या कोपरापर्यंत, आणि झाकणाला हवेसाठी भोके ठेवून तिला पंधरा-वीस मिनिटे त्यात बसू द्यावे. भांड्याच्या तळाशी ओला रुमाल असला की ती त्यावर पाय घासते. नंतर ओल्या कापसाच्या काडीने बोटांवरची कात मुळापासून टोकाकडे हलकेच सरकवावी. न सुटणारा तुकडा दुसऱ्या दिवशीसाठी सोडावा. कोरडी कात चिमट्याने किंवा नखाने ओढली तर खालची कोवळी नवी कातडी सोलवटते. शेपटी धरू नये, ती तुटते. नवी येते पण पहिल्यासारखी येत नाही, आणि लेपर्ड गेकोची चरबी शेपटीतच साठलेली असते. तेल चोपडण्याची सवय काही पाळणाऱ्यांत आहे, ती सोडून द्यावी.

बोटांकडे रोज पाहणे ही सगळ्यांत उपयोगी सवय आहे. बोटाभोवती राहिलेली कातीची अंगठी सुकून आवळत जाते. रक्त पोहोचेना की बोट सुजते, लाल होते, मग काळे पडून गळते. एका कातीवर दुसरीची कडी चढली तर हे दोन-तीन महिन्यांत घडू शकते. काळे पडलेले बोट, न उघडणारा डोळा, पापणीखालचा पांढरा गोळा, खाणे सोडलेली पाल, किंवा सलग दोन काती अडकणे यांतले काही दिसले तर घरगुती उपाय थांबवावेत. डोळ्यावरची कात तर घरी काढूच नये; चाळीतल्या पालीसारखे पारदर्शक भिंग असलेल्या क्रेस्टेड गेकोच्या बाबतीत त्या ओढण्यात डोळाच जातो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला आधी विचारून पालीला हवेशीर डब्यात, ओलसर कापडावर, उन्हात न ठेवता न्यावे. सोबत पेटीचा फोटो, आर्द्रतेचा आणि उष्णतेचा आकडा न्यावा, कारण पशुवैद्य पहिला प्रश्न घराबद्दलच विचारतो.

भिंतीवरच्या रानटी पालीला यांतले काहीही लागत नाही. तिला पकडून पाण्यात बसवू नये, पांढुरकी दिसली म्हणून आजारी समजू नये. पाळलेल्या पालीचे तसे नाही. तिच्यासाठी ओला कोपरा दुसरे कुणी करणार नाही. चांगली निगा राखली तर लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षे जगते आणि तेवढ्या आयुष्यात शंभराहून अधिक वेळा कात टाकते. पेटी विकत घेण्याआधी एवढ्या वर्षांचा हिशेब घरात एकदा मांडून पाहावा.